भरतकामाला चौकट घरच्या घरी

दुपारची वेळ असते. गल्लीत आवाज येतो, “जुने कपडे द्या, भांडी घ्याऽऽ!” बोहारीण आलेली असते. बाया ट्रंका उघडतात. फाटके धोतर निघते. विरलेले लुगडे निघते. पोरांची लहान झालेली अंगडी निघतात. ट्रंकेच्या तळाशी एक भरलेले कापडही असते. त्यावर मोर असतो. रंग जरा उडालेला असतो. एका कोपऱ्याला कसर लागलेली असते. “हे तरी ठेवून काय करायचं?” असे म्हणून तेही बोहारणीला दिले जाते. बदल्यात स्टीलची एक वाटी येते.

वाटी बाजारात केव्हाही मिळते. आजीने भरलेला मोर पुन्हा मिळत नाही.

असे कापड नीट ठेवायचे तर त्याला चौकट करावी. चौकट म्हणजे फ्रेम. शहरातल्या दुकानात ती करून मिळते, पण पैसे बरेच पडतात. तीच चौकट घरी थोड्या पैशांत होते. काम अवघड नाही. माप नीट पाहिजे आणि घाई नको. ते कसे करायचे, हे या पाठात पाहू.

आपल्या भागातले भरतकाम

नांदेड आणि लातूर हा भाग कापसाचा, ज्वारीचा, सोयाबीनचा. शेतात कामे कमी झाली की बायांच्या हातात सुई-दोरा येतो. जुन्या लुगड्यांची गोधडी घराघरात शिवतात. दुसुती कापडावर फुलीच्या टाक्याने पोपट, मोर, हरीण, तुळशीवृंदावन भरतात. कोणी ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरे भरते. पूर्वी लग्नाच्या मुली अशी कापडे भरून सासरी नेत. जुन्या घरांच्या भिंतींवर अजूनही ती दिसतात.

किनवट, माहूर, मुखेड, अहमदपूर या तालुक्यांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. बंजारा बायांचे भरतकाम फार नामांकित आहे. त्यांच्या फेटियावर आणि कांचळीवर लाल, पिवळे, निळे दोरे असतात. मध्ये आरशाची भिंगे बसवतात. कडेला कवड्या लावतात. याच घराण्यातले काम शेजारच्या कर्नाटकात लंबाणी भरतकाम म्हणून ओळखले जाते. संडूर गावच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली हंपीला देशोदेशींचे पाहुणे आले होते. तेव्हा लंबाणी भरतकामाचे १,७५५ नमुने एका जागी मांडले होते. एवढे नमुने एकत्र मांडल्याचा तो जागतिक विक्रम ठरला.

म्हणजे आपल्या ट्रंकेत जे पडून आहे, ते पाहायला जगातली माणसे येतात. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथे घरातल्या साध्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. दिवे, अडकित्ते, पेट्या, कपडे असे सगळे आहे. साध्या माणसांच्या हातची कला तिथे मानाने मांडली आहे. आपल्या घरीही तिला तो मान देता येतो.

कापड कशाने खराब होते?

चौकट करण्याआधी कापडाचे शत्रू ओळखा. ते पाच आहेत.

पहिला शत्रू ऊन. उन्हाने दोऱ्याचा रंग उडतो. दारात वाळत टाकलेले लुगडे काही महिन्यांत फिके पडते, तसेच हे.

दुसरा शत्रू ओल. पावसाळ्यात भिंत ओली होते. माळवदाच्या घरात तर वरून मातीचे पाणी टपकते. ओलीने कापडाला बुरशी येते.

तिसरा शत्रू कीड. कसर आणि वाळवी हळूहळू खातात. पिठाची खळ लावलेले कापड कसरीला फार आवडते.

चौथा शत्रू धूर. चुलीचा धूर चिकट असतो. तो टाक्यात बसला की निघत नाही.

पाचवा शत्रू लपून बसतो. तो म्हणजे साधा तपकिरी पुठ्ठा. वर्तमानपत्र उन्हात ठेवले की पिवळे होते. लाकडाच्या लगद्यातल्या एका द्रव्यामुळे ते पिवळे होते. पुठ्ठ्यातही तेच असते. कापड वर्षानुवर्षे पुठ्ठ्याला चिकटून राहिले, तर कापडही पिवळे पडते आणि कडकड तुटते.

या पाचांना दूर ठेवणारी चौकट ती चांगली चौकट.

आधी धुणे

मळके कापड चौकटीत घालू नका. मळ आत राहिला की कीड येते.

पण एकदम पाण्यात बुडवू नका. आधी रंग तपासा. पांढऱ्या चिंधीचे टोक ओले करा. ते लाल दोऱ्यावर हलके दाबून धरा. चिंधीला रंग लागला, तर कापड धुवायचे नाही. नुसते झटकायचे आणि सावलीत वारा द्यायचा. काळा आणि निळा दोराही असाच तपासा.

रंग पक्का असेल तर घमेल्यात थंड पाणी घ्या. थोडे रिठ्याचे पाणी किंवा साधा सौम्य साबण त्यात मिसळा. कापड त्यात बुडवून हाताने हलके दाबा. घासू नका. पिळू नका. मग स्वच्छ पाण्यात दोनदा काढा. एक लहान कापड धुवायला दोन-तीन बादल्या पाणी पुरते. आपल्याकडे पाण्याची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून शेवटचे स्वच्छ पाणी झाडाला घाला.

कापड पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्या. मग सावलीत सपाट पसरा. थोडे दमट असताना इस्त्री करा. जाड पंचा खाली पसरा. भरलेली बाजू खाली ठेवा. इस्त्री पाठीवरून फिरवा. म्हणजे टाके चेपत नाहीत.

भिंगांचे आणि कवड्यांचे काम पाण्यात घालू नका. त्याला इस्त्रीही करू नका. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, एवढे पुरे.

माप घेणे

इथे एक उदाहरण घेऊ. भरलेला मोर १० इंच रुंद आणि १४ इंच उंच आहे.

मोराच्या बाहेर चारी बाजूंनी एक-एक इंच मोकळे कापड सोडू. म्हणजे माप झाले १२ बाय १६ इंच. हे चौकटीचे आतले माप.

कापड मागे दुमडायला चारी बाजूंनी आणखी दोन-दोन इंच पाहिजे. म्हणजे कापड १६ बाय २० इंच असावे.

कापड कमी असले तर काय करावे? धुतलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या कडेला शिवाव्यात. त्या मागे दुमडल्या जातात, दिसत नाहीत. कापड जास्त असले तरी कापू नका. उरलेले मागे दुमडून ठेवा. जुनी कांचळी असली तर तिला कात्री मुळीच लावू नका. हवा तो भाग समोर घ्या, बाकीचा मागे घडी करा. कापलेले पुन्हा जोडता येत नाही.

पाठ तयार करणे

कापड ज्यावर ताणायचे त्याला पाठ म्हणू. दुकानातला जाड पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड घेता येतो. पैसे वाचवायचे असतील तर खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा घ्या. तो किराणा दुकानात मागितला तर मिळतो. त्याचे दोन तुकडे कापा. एकाच्या पन्हाळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. असे दोन्ही एकमेकांवर चिकटवा. वर पाटा ठेवून रात्रभर दाबा. मग तो वाकत नाही.

पाठ चौकटीपेक्षा थोडी लहान पाहिजे. मिस्त्री लोक इंचाचे आठ भाग करतात. एका भागाला सूत म्हणतात. पाठ रुंदीला आणि उंचीला दोन-दोन सूत कमी कापा. म्हणजे ती पावणेबारा बाय पावणेसोळा इंच होईल. वर कापड चढले की ती चौकटीत बरोबर बसते.

आता पुठ्ठ्याचा शत्रू आडवायचा. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचे दोन-तीन थर पुठ्ठ्यावर ओढून घ्या. जुने धोतर किंवा मलमल चालेल. त्याला खळ नसावी. पुठ्ठा सगळीकडून झाकला पाहिजे. या मऊ थरात भरतकामाच्या पाठीमागच्या गाठीही बसतात. समोरून उंचवटे दिसत नाहीत.

दोऱ्याने ताणणे

इथे पुष्कळ लोक घाई करतात. एका घरी सासू आणि सून हे काम करीत बसल्या होत्या.

सून म्हणाली, “आत्याबाई, फेविकॉल लावून चिकटवून टाकू का? लवकर होतंय.”

सासू म्हणाली, “नको गं माय. चिकटवलं की निघत नाही. उद्या धुवायचं झालं तर काय करशील?”

“मग खिळे मारू?”

“खिळ्याला पावसाळ्यात गंज धरतोय. गंजाचा डाग कापडाला लागला की जन्मभर जात नाही. दोऱ्यानं ताण. बाज विणताना बघितलीस ना? तसंच.”

सासूचे म्हणणे बरोबर होते. दोरा केव्हाही कापून कापड मोकळे करता येते. ते असे करा.

भरलेले कापड पालथे पसरा. त्यावर पाठ बरोबर मध्ये ठेवा. वरची आणि खालची कड मागे दुमडा. सुईत मजबूत सुती दोरा दुहेरी ओवा. मधून सुरुवात करा. वरच्या कडेत एक टाका घ्या. मग खालच्या कडेत एक टाका घ्या. असे वर-खाली करीत एका कोपऱ्याकडे जा. पुन्हा मधून निघून दुसऱ्या कोपऱ्याकडे जा. टाक्यांत अर्धा-पाऊण इंच अंतर ठेवा.

वरखाली झाले की डावी-उजवी बाजू तशीच ताणा. मधून मधून कापड उलटे करून पाहा. मोर सरळ उभा आहे ना? कापडाचे आडवे-उभे सूत सरळ आहे ना? वाकडे असेल तर दोरा सैल करून पुन्हा ओढा. सुरकुती जाईल एवढेच ताणा. फार ओढले तर जुने कापड फाटते. कोपऱ्याची जादा घडी कापू नका. नीट दुमडून दोन टाके घाला.

हे काम एका बैठकीत झाले नाही तरी चालेल.

लाकडाची चौकट

सर्वांत स्वस्त चौकट म्हणजे जुनी चौकट. काच फुटलेली तसबीर पुष्कळ घरांत पडून असते. भंगारवाल्याकडेही मिळते. तिचे लाकूड आधी तपासा. बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसला, तर त्यात कीड आहे. ती घेऊ नका. लाकूड चांगले असले तर काचकागदाने घासा आणि पुसून उन्हात ठेवा. अशा वेळी चौकटीचे माप आधी घ्या आणि पाठ त्या मापाने कापा.

नवी चौकट करायची तर सुताराकडे जा. किनवटच्या जंगलाचे सागवान प्रसिद्ध आहे. पण एवढ्या कामाला अख्खी फळी लागत नाही. दारे-खिडक्या करताना पट्ट्या उरतात. त्या कमी दरात मिळतात. सागवान नसले तर कडुनिंबाचे सुकलेले लाकूडही चालते. त्याला कीड कमी लागते. ओले लाकूड घेऊ नका. ते नंतर वाकते.

सुताराशी असे बोला.

“मिस्त्री, एक चौकट करून द्या.”

“किती बाय कितीची?”

“खाचेचं माप बारा बाय सोळा.”

“खाच किती खोल ठेवू?”

“सहा सूत. एक सूत काच, दोन सूत फट, दोन सूत पाठ, आणि एक सूत चुकांना.”

माप सांगता आले की मिस्त्रीही नीट ऐकतो.

खाच पाडायची मजुरी वाचवायची असेल तर घरीच दोन पट्ट्यांची चौकट करा. मागची पट्टी सहा सूत रुंद आणि सहा सूत जाड घ्या. पुढची पातळ पट्टी एक इंच रुंद घ्या. दोन्हींच्या बाहेरच्या कडा जुळवून चिकटवा. वरून बारीक चुका मारा. पुढची पट्टी आतल्या बाजूला दोन सूत पुढे राहते. तीच खाच झाली. या मापाच्या चौकटीला प्रत्येक पट्टी सहा फूट पुरते.

चौकट जुळली की तिचे कोपरे तपासा. मागच्या बाजूने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे माप घ्या. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचे घ्या. बारा बाय सोळाच्या चौकटीत दोन्ही मापे बरोबर २० इंच आली पाहिजेत. एक जास्त आणि एक कमी आले, तर चौकट तिरकी आहे. सरस वाळण्याआधी ती हाताने सरळ करा.

काच घालावी की नको?

दुसुतीच्या सपाट कामाला काच चांगली. ती धूळ आणि धूर अडवते. पण काच कापडाला टेकू देऊ नका. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात, हे तुम्ही पाहिले आहे. पावसाळ्यात काचेवरही तशी ओल धरते. कापड काचेला टेकले की ती ओल कापडात जाते आणि बुरशी येते. म्हणून काच आणि कापड यांच्यात दोन सूत फट पाहिजे. दोन सूत जाडीच्या लाकडाच्या किंवा बांबूच्या बारीक कामट्या काचेच्या कडेला ठेवा. पुढच्या पट्टीमागे त्या लपून जातात.

काच चौरस फुटाने विकतात. आपल्याला किती लागेल? १२ गुणिले १६ म्हणजे १९२ चौरस इंच. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच असतात. म्हणजे एक फूट आणि वर ४८ इंच. ४८ हा १४४ चा तिसरा हिस्सा आहे. तेव्हा आपल्याला सव्वा चौरस फुटापेक्षा थोडी जास्त काच लागेल. दुकानदाराला आधी दर विचारा आणि या हिशेबाने पैसे काढा. दोन दुकानांत विचारा. काच दुकानातच कापून घ्या आणि तिच्या कडा घासून घ्या. माप एक सूत कमी द्या.

भिंगांच्या आणि कवड्यांच्या कामाला काच घालू नका. काचेखाली भिंगे दबतात आणि दोरा तुटतो. असे काम उघडेच टांगावे. घर झाडताना त्यावर मलमल टाकावी.

आता सगळे एकत्र करा. चौकट पालथी ठेवा. आधी पुसलेली काच, मग कामट्या, मग ताणलेले काम पालथे, असे ठेवा. मागून चौकटीच्या लाकडात आडव्या बारीक चुका मारा. हातोडी हळू मारा. मागे जुन्या सुती कापडाचा तुकडा लावून धूळ बंद करा. तो खळीने चिकटवू नका. चुकांनी किंवा टाचण्यांनी लावा.

चौकट दुकानातून करून घेतलीत, तरी एक गोष्ट आधी सांगा, “कापड चिकटवू नका. मी ताणून आणले आहे, तसेच बसवा.” काम आपले आहे. सांगायला लाजू नका.

कुठे टांगावे?

ऊन येते त्या भिंतीवर टांगू नका. चुलीजवळ टांगू नका. ओल धरते ती भिंत टाळा. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना जुन्या चपलेच्या रबराचे दोन तुकडे लावा. म्हणजे चौकट भिंतीपासून सुटी राहते आणि मागून वारा खेळतो.

सुतळी वापरू नका. ती कुजते आणि उंदीर कुरतडतात. दोन्ही बाजूंना आकडे बसवून तार बांधा. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही. तिथे लाकडी खुंटी ठोका.

झोपायच्या जागेवर काचेची जड चौकट कधीही टांगू नका. आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जड भिंती अंगावर पडून हजारो माणसे गेली. भूकंप सांगून येत नाही. उशाच्या वर जड वस्तू नसावी, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

वर्षातून दोनदा चौकट खाली काढून पाहा. एकदा अक्षय तृतीयेला, म्हणजे पावसाळ्याआधी. एकदा दसऱ्याला, म्हणजे पावसाळ्यानंतर. वाळवीची माती, बुरशी, गंज दिसतो का ते बघा. घराची साफसफाई या दिवसांत होतेच. त्यातच हे काम उरकते.

पाठीवर नाव लिहा

शेवटचे काम सर्वांत लहान आहे, पण ते विसरू नका.

आपल्या आज्यांनी-पणज्यांनी हजारो कापडे भरली. त्यांवर त्यांचे नाव नाही. पुष्कळजणींना लिहिता येत नव्हते. मोर राहिला, पण मोर भरणारी कोण होती ते घरातल्यांनाही आठवत नाही.

आता तुम्हाला लिहिता येते. एक कागद घ्या. त्यावर पेन्सिलीने लिहा. कोणी भरले? तिचे माहेर कोणते? साधारण कोणत्या साली भरले? कशासाठी भरले? आठवत असेल तेवढे लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. तो कागद चौकटीच्या मागच्या कापडावर टाचून ठेवा. भरलेल्या कापडावर मात्र काही लिहू नका.

तुम्ही स्वतः भरलेले असेल, तर स्वतःचे नाव लिहा.

उजळणी

१. रंग पक्का आहे की नाही, ते कसे तपासाल?
२. पुठ्ठा आणि भरलेले कापड यांच्यामध्ये सुती कापड का घालायचे?
३. काच कापडाला टेकली तर काय होते?
४. एक भरलेले कापड ८ इंच रुंद आणि ११ इंच उंच आहे. चारी बाजूंनी एक-एक इंच सोडला तर चौकटीचे आतले माप किती होईल? काच किती चौरस इंच लागेल?
५. तुमच्या घरात सर्वांत जुने भरलेले कापड कोणाच्या हातचे आहे? विचारा आणि तिचे नाव वहीत लिहा.